यूसुफचं तुफान

“वाळू! चहात वाळू, उशीत वाळू, आता सफेद्यातसुद्धा वाळू. समुद्र कसला काढतोय मी, वाळवंटच लिंपतोय!”

प्लायवूडच्या भिंतीपलीकडे माझा नवरा इद्रीस करवादत होता.

“कुणाशी भांडताय?” मी इकडून विचारलं.

“अल्लाशी नाही, एवढं नक्की. बाकी कुणाशीही.”

मी तव्यावरची भाकरी उलटली. पलीकडे दुसरं कुणी नव्हतंच. शिडाच्या कापडावर काढलेलं बारा फुटी तुफान होतं, तुफानात एक गलबत होतं, आणि शिडीवर चढून बसलेले आमचे हे. सहा वर्षं आमचा संसार असाच चालला होता. अलीकडे चूल, पलीकडे तुफान.

कुवेतमध्ये शुवैख बंदरामागच्या एका गोदामाचा कोपरा मालकाने आम्हाला राहायला दिला होता. बाकीच्या गोदामात सिमेंटच्या गोण्या. खिडकी एकच, तीही भिंतीच्या पलीकडे, कारण उजेड चित्राला लागतो. बायकोला लागत नाही.

बाणकोटच्या खाडीत हे लहानपणापासून गलबतं रंगवायचे. मागच्या फळीवर गलबताचं नाव लिहायचे आणि नावाखाली एखादी लाट, ती फुकट. एकदा कस्टमच्या साहेबाच्या बंगल्याला चुना मारायला गेले, तिथे दिवाणखान्यात एक विलायती चित्र होतं. फुटलेलं जहाज, फाटलेले ढग, त्यातून उजेडाची एक तिरीप, आणि खाली पाण्यात मुंग्यांएवढी माणसं. चुन्याची बादली हातात धरून हे उभेच राहिले. संध्याकाळी साहेबाने हाकललं तेव्हा यांना एवढंच कळलं होतं की समुद्र माणसापेक्षा मोठा काढायचा असतो. यांचा उस्ताद म्हणाल तर तेवढाच, एका दुपारचा.

त्यानंतर यांनी जन्मभर समुद्र काढला आणि आभाळ काढलं. माणूस आलाच तर पाठमोरा. “तोंड काढता येत नाही मला,” असं लोकांना सांगतात. तोंडं बघून कंटाळलेत, असं माझं मत.

बावन्न साली कुवेतला आले ते दुकानांच्या पाट्या रंगवायला. पाट्यांमधून वेळ मिळाला की प्लायवूडच्या तुकड्यांवर चांदण्यातली खाडी, काळ्या ढगाखालचं बंदर, असलं काहीबाही काढत. फहाहीलच्या बाजारातल्या एका चहावाल्याने त्यातलं एक तुफान भिंतीवर टांगलं. अठ्ठावन्न साली त्या तुफानासमोर बसून हमद अरबाबने सलग चार चहा घेतले आणि पाचव्याला यांना बोलावणं धाडलं. अरबाब म्हणजे मालक. हमदच्या घराण्याचा एके काळी मोत्यांचा व्यापार होता. आता सिमेंट, लोखंड, गोदामं. त्याचा थोरला भाऊ यूसुफ पाणबुड्या होता. मोती काढायला गेला आणि तुफानात बुडाला, त्याला तेव्हा वीस वर्षं होऊन गेली होती. हमदला त्या दिवसाचं चित्र हवं होतं, आईच्या खोलीत लावायला.

“दोन वर्षं धर,” अरबाब म्हणाला. “गावी जाऊन बायकोलाही घेऊन ये. चित्र पूर्ण झालं की पासपोर्ट तुझ्या हातात, आणि बोटीचं तिकीट माझ्याकडून.”

दोन वर्षं म्हणून मी सहा वर्षांच्या असमाला माझ्या आईपाशी ठेवून आले. आमचा पासपोर्ट एकच. यांचा फोटो, शेजारी माझा, नवराबायको एकाच पुस्तकात. तेव्हा तशी पद्धत होती. तो हमदच्या तिजोरीत. त्यामुळे ‘मी पुढे जाते, तुम्ही मागून या’ हेही करता येत नव्हतं. भांडून माहेरी जायची सोय नाही, असं लग्न फार थोड्या बायकांच्या नशिबी येतं.

हमद वाईट असता तर बरं झालं असतं. शिव्या देऊन मोकळे झालो असतो. पण ईदला दोघांना कापड, थंडीत घोंगड्या, गुरुवारी मासा, यात एकदा सोडलं तर त्याने खंड पाडला नाही. शुक्रवारी नमाजानंतर यायचा. चपला दाराशी काढायचा, चित्रासमोर मशिदीत उभं राहावं तसा उभा राहायचा. आणि जाताना म्हणायचा, “इद्रीस, वारा कमी आहे.”

पहिल्या वर्षी ते खरंही होतं. यांनी आमच्याकडची आषाढातली लाट काढली होती, घराएवढी, मातकट हिरवी. अरबाबबरोबर एक म्हातारा खलाशी आला होता, तो हसत हसत गोणीवरच बसला.

“ही लाट इथे आली तर बसऱ्याच्या खजुरांना मीठ लागेल रे बाबा! आमचा समुद्र उथळ. इथली लाट बुटकी असते आणि कुत्र्यासारखी चावते.”

मग हे थंडीभर किनाऱ्यावर जाऊन बसले. उत्तरेचा वारा सुटला की पाणी कसं पिंजतं, पांढरं कसं होतं, ते बघून आले आणि सगळा समुद्र खरवडून नवा काढला. अरबाबने बघितला. “आता पाणी आमचं आहे,” म्हणाला. “पण वारा कमी आहे.”

ढग खाली आणले. वारा कमी. उजेडाची तिरीप विझवली. वारा कमी. शिडाच्या कापडावर रंगाचे इतके थर चढले की दुपारी ऊन तापलं की आमचं तुफान वितळल्यासारखं चिकट व्हायचं आणि त्यावर माशा बसायच्या. यूसुफच्या तुफानातून रोज सकाळी माशा वेचून काढणं हे माझं काम.

मधल्या काळात यांनी स्वतःसाठी एका फळीवर आमची खाडी काढायला घेतली.

“अगो कुबरा, धक्क्यावर उंडीची झाडं तीन की चार?”

“चार.”

“तीन. चौथं तुझ्या बापाने होडीसाठी तोडलं.”

“माझ्या बापाने कधी कुणाचं झाड तोडलं नाही!”

दोन दिवस बोललो नाही आम्ही. वर्षभराने पुन्हा तोच प्रश्न आला तेव्हा मलाच आठवेना. तीन म्हटलं असतं तर तीन दिसली असती, चार म्हटलं असतं तर चार. यांनी ब्रश धुतला आणि फळी भिंतीकडे तोंड करून ठेवली. त्यावर नंतर मी पीठ मळायला लागले, मागच्या बाजूने.

आता गलबताचं सांगायला हवं.

आभाळाबद्दल हमद कधी काही नीट सांगू शकला नाही. वारा हवा, एवढंच. पण गलबताबद्दल विचारलं की डोळे मिटून सांगायचा. शीड उतरवून गुंडाळलेलं. नांगर टाकलेला. दोन्ही बाजूंना वल्ही आडवी बाहेर काढून बांधलेली, त्यांच्यावरून पाण्यात सोडलेले दोर. प्रत्येक दोराच्या खालच्या टोकाला एक पाणबुड्या, नाकाला चिमटा, पायाला दगड. वरच्या टोकाला दोर ओढणारा एक माणूस. खालच्याने झटका दिला की वरच्याने ओढायचं. सुकाण्याच्या बाजूने तिसरा दोर यूसुफचा. यांनी हे सगळं सांगितलं तसं काढलं, खिळ्याखिळ्यासकट.

मी तांडेलाची मुलगी. गलबत चालवणाऱ्याच्या घरात वाढले. वाचायला मी मागाहून रद्दीच्या कागदांवर शिकले, पण गलबत मला आधीपासून वाचता येतं. ते पहिल्यांदा पूर्ण झालेलं पाहिलं तेव्हाच मी दुसऱ्यांदा बघायला थांबले. तुफान येताना दिसलं की आधी माणसं पाण्याबाहेर घेतात. वल्ही आत ओढतात, नाहीतर पहिल्या लाटेला काडीसारखी मोडतील. इथे वल्ही बाहेर, माणसं खाली, दोर पाण्यात. वरचं आभाळ एका दिवसाचं होतं आणि खालचं गलबत दुसऱ्या दिवसाचं.

मला दिसलं ते यांना दिसलं नसेल? यांचा जन्म गलबतांवर गेला. त्या हसऱ्या म्हाताऱ्या खलाशाला दिसलं नसेल? तोही दुसऱ्यांदा आला तेव्हा हसला नाही. कॉफी प्याला, गलबताकडे बघितलं, ‘अल्ला त्याच्यावर रहम करो’ म्हणाला आणि उठला. हमदच्या बैठकीतले आणखी किती लोक येऊन गेले. सगळे समुद्रावरचे. सगळ्यांनी आभाळाची तारीफ केली.

यांनी एकदाच विचारलं होतं, “अरबाब, यूसुफच्या दोरावर कोण होतं? म्हातारा की जवान? कसा उभा होता?”

हमद चपला घालून निघून गेला. दोन शुक्रवार आला नाही, गुरुवारचा मासाही आला नाही. तेव्हापासून तिसऱ्या दोराच्या वर चित्रात जागा मोकळी होती. दोर वर यायचा आणि हवेत संपायचा.

“विचारायचं कशाला?” मी म्हटलं.

“चुकलं,” हे म्हणाले. “पुन्हा नाही विचारणार.”

चौसष्टच्या मार्चमध्ये फखरुन्निसा आली. ती फहाहीलला राहायची. तिचा नवरा महबूब तेलकंपनीच्या भटारखान्यात होता, आणि आमची पत्रं त्याच्या पत्त्यावर यायची. एरवी दारातूनच सुरू व्हायची: “काय म्हणतो तुझ्या नवऱ्याचा समुद्र? आटला की नाही? माझ्याच्या अंगाचा कांद्याचा वास काही जात नाही बाय.” त्या दिवशी सरळ आत आली. पत्र हातात दिलं आणि माझी भाकरी स्वतः थापायला बसली.

पत्र शेजारच्या सुगराचं होतं. माझ्या आईला अर्धांगाचा झटका आला होता. उठत नव्हती, बोलत नव्हती. माझा भाऊ आफ्रिकेत, जवळचं असं घरात कुणी नाही. ‘असमाच सगळं करते. शाळा सुटली. रात्रीची एकटी घाबरते म्हणून मी माझी पोर झोपायला पाठवते, पण किती दिवस पाठवू? म्हातारी गेली तर पोरीला कुणाच्या दारात ठेवायचं ते तरी कळवा.’ खाली असमाच्या अक्षरात एकच ओळ होती. ‘मला भात करता येतो, काळजी करू नका.’

मी ती ओळ यांना वाचून दाखवली. हे शिडीवरून उतरले. ब्रश पुसायचं विसरले, रंग पायावर ठिबकत राहिला.

दुसऱ्याच दिवशी हमदच्या पेढीवर गेले. संध्याकाळी परत आले.

“काय म्हणाला?”

“रडला.”

“आणि?”

“चित्र पूर्ण कर म्हणाला. ज्या दिवशी पूर्ण, त्या दिवशी पासपोर्ट. कुराणावर हात ठेवायला निघाला होता.”

“आपण पोलिसांत गेलो तर?”

“काय सांगणार? मालक मासे पाठवतो म्हणून?”

मग यांनी तीन आठवडे जे केलं ते मी विसरणार नाही. जेवण उभ्याने. मी तेल गाळून द्यायचे, काजळी घोटून द्यायचे. खिडकीतून उजेड असेपर्यंत हात थांबत नव्हता. जे तुफान निघालं, ते पाहून मला खरोखर गार वाटायला लागलं, बाहेर धुळीची वावटळ आणि आत घामाच्या धारा असताना. आभाळ पाण्यात कोसळत होतं, पाणी आभाळात चढत होतं, कुठे कोण संपतं कळत नव्हतं. त्या साहेबाच्या बंगल्यातलं चित्र मी पाहिलेलं नाही, पण ते यापेक्षा मोठं नसेल.

शुक्रवारी हमद आला. डोळे भरून आले. यांचा खांदा त्याने दाबला. मी भिंतीच्या फटीतून बघत होते आणि मनात ट्रंक भरायला लागले होते.

“सुभानल्ला, इद्रीस,” तो म्हणाला. “अजून थोडा. अगदी थोडा वारा.”

हे हसले. मोठ्याने, पोट धरून हसले.

“अरबाब, माझ्याकडे होता तेवढा सगळा घातला,” म्हणाले. “आता वारा उरला नाही.”

“मग मिळेल तेव्हा घाल,” हमद हळूच म्हणाला आणि चपला घालून गेला.

मी उम्म यूसुफकडे गेले. हमदची आई ती. इथे बाईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, यूसुफची आई म्हणून. मुलगा जाऊन पाव शतक झालं तरी घरातला प्रत्येक माणूस दिवसातून दहा वेळा त्याचं नाव तिच्या कानावर घालत होता. आठवड्यातून दोनदा मी तिचे गुडघे चोळायला जायचे. तरुणपणी नवऱ्याबरोबर चार वर्षं मुंबईत राहिलेली, तिथलं हिंदी अजून तिच्या तोंडात होतं.

“गुडघा इथे आहे,” ती म्हणाली. “तू तिकडे कुठे शोधतेस?”

“अम्मा, एक मागायचंय. एकदा चित्र बघायला चला. तुम्ही ‘झालं’ म्हणालात तर अरबाबही म्हणतील.”

“रंगाच्या वासाने माझं डोकं धरतं.”

“सहा वर्षांत एकदाही बघावंसं वाटलं नाही?”

“तुझी जीभ फार चालते.”

“पाय चालत नाहीत ना अम्मा, मुंबईच्या बोटीपर्यंत. म्हणून.”

वाटलं, आता हाकलणार. तिने दुसरा गुडघा पुढे केला.

“मुलगी केवढी?”

“बारा वर्षांची.”

“सोडलीस तेव्हा?”

“सहा.”

“ओळखशील?”

मी तेलाची वाटी उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. तिने माझा हात धरून वाटी काढून घेतली.

“शुक्रवारी येईन,” म्हणाली.

घरी येऊन मी यांना सांगितलं. हे गोणीवर बसून गलबताकडे बघत होते. मी म्हटलं, “एकदा गलबत बघा आणि मग आभाळ बघा.” एवढंच म्हटलं. यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि सहा वर्षं आम्ही दोघं एकाच गोष्टीवर गप्प होतो हे दोघांनाही कळलं. पण तेव्हाही दोघांपैकी कुणी तोंडाने उच्चारलं नाही.

सकाळी यांनी टर्पेंटाईनची बाटली चिंध्यांवर ओतली आणि तुफान पुसायला घेतलं.

“अहो! वेड लागलं का? तीन आठवडे! तुरुंगात टाकेल तो आपल्याला!”

“आत्ता कुठे आहोत?”

ओलं होतं ते पुसलं. सुकलं होतं ते पत्र्याने खरवडलं. सहा वर्षांचे ढग जमिनीवर पापुद्र्यांसारखे पडले, ते मी केरसुणीने गोळा केले. मग यांनी डब्यातला सगळा सफेदा काढला, त्यात चिमूटभर निळा, चिमूटभर पिवळा, आणि गलबताला धक्का न लावता त्याच्याभोवती समुद्र काढला. लाट नाही. ढग नाही. दुपारचं पाणी, वितळलेल्या कथलासारखं. आभाळ त्याच रंगाचं, मधली रेघसुद्धा नाही. आयुष्यात यांनी काढलेलं पहिलं चित्र, ज्यात काहीच घडत नव्हतं. वल्ही बाहेर पसरलेली, दोर सरळ खाली उतरलेले. प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसली आणि मला ते बघवेना. तुफानाची भीती वाटली नव्हती तेवढी त्या शांत पाण्याची वाटली.

शुक्रवारी आधी काठीचा आवाज आला. उम्म यूसुफ काळ्या अबायात, एका हाताने हमदचा दंड धरून. मी तिच्यासाठी दोन गोण्यांवर चादर टाकली होती, तिच्यावर ती बसली नाही. हमदने मान वर केली आणि चित्र पाहिलं.

त्याचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. आधी यांच्याकडे वळला, हात उगारल्यासारखा झाला. हे हलले नाहीत. ब्रश धुऊन, हात धुऊन, स्वच्छ सदरा घालून उभे होते. मग हमद दाराकडे निघाला, पण म्हातारीने दंड सोडला नाही.

ती चित्राच्या अगदी जवळ गेली. नाक लागेल इतकी. गलबताच्या नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, सुरुवात करून बोटाने एकेक माणूस मोजत सुकाण्यापर्यंत आली. इतक्या वर्षांत तिचं अरबी आम्हाला कळायला लागलं होतं, आणि ती सावकाश बोलत होती.

“या माणसाची मुलगी तिकडे एकटी आहे,” ती म्हणाली. “मला एवढं सांग हमद, चित्र पूर्ण झालंय की नाही?”

हमदने नजर दाराकडे वळवली. बाहेर क्रेनचा आवाज येत होता. माझ्या मुठीत असमाचं पत्र होतं. घामाने त्याची शाई बोटांना लागत होती.

“हो की नाही?”

“झालं,” तो म्हणाला.

खिशात हात घालून त्याने किल्ल्यांचा जुडगा काढला. तिजोरीची किल्ली सोडवायला बघत होता, पण ती कडीतून निघेना. यांनी पुढे होऊन जुडगा त्याच्या हातातून घेतला, किल्ली वेगळी केली आणि ती आपल्याकडे न ठेवता त्याच्याच तळहातावर ठेवली.

म्हातारीचं बोट अजून तिसऱ्या दोरावर होतं. दोर पाण्यातून वर येत होता आणि हवेत संपत होता.

“इथे कुणी काढलेलं नाही,” ती म्हणाली. “यूसुफच्या दोरावर कोण होतं?”

“मी,” हमद म्हणाला. पन्नाशीचा तो माणूस आईच्या पायाशी सिमेंटच्या धुळीत बसला. “वारा नव्हता, युम्मा. ऊन होतं. मला झोप लागली होती.”